अकरा पानांचे पत्र पाठवावे का?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी 31 वर्षांची आहे. मूळची सातारा जिल्ह्यातली, नोकरीमुळे पिंपरीत खोली घेऊन राहते. सहा वर्षे माझे एका मुलाशी प्रेमसंबंध होते आणि लग्न करायचे हे आमच्यात ठरलेले होते. मे महिन्यात त्याने फोनवर सांगितले, की घरचे ऐकत नाहीत, जात आडवी येते, माझा नाइलाज आहे. चार दिवसांनी त्याने मला ब्लॉक केले. नंतर एका मित्राकडून कळले, की त्याचा साखरपुडा फेब्रुवारीतच झाला होता. म्हणजे तीन महिने तो मला भेटत होता, माझ्या खोलीवर येऊन जेवत होता आणि दुसरीकडे त्याच्या लग्नाची तयारी चालू होती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कोर्सच्या फीसाठी मी 1,40,000 रुपये दिले होते, तेही परत आलेले नाहीत. एका रात्री त्याचे सगळे चॅट पुसून टाकावे असेही मनात आले होते. मी त्याला अकरा पानांचे पत्र लिहिले आहे. रोज रात्री ती पाने काढून वाचते आणि त्यात भर घालते. त्याची प्रत सोबत जोडली आहे, त्यातले काही छापायचे असेल तर छापा. एक मैत्रीण म्हणते, पाठवू नकोस, मोठेपणा दाखव, कर्म बघून घेईल. दुसरी म्हणते, पाठवच, आणि त्याच्या होणाऱ्या बायकोलाही एक प्रत पाठव. लग्न दिवाळीनंतर आहे. मी काय करू? नुसते लिहून काढल्याने राग जातो का? माझ्यात इतका राग आहे, याची मलाच भीती वाटते.
— एक वाचक, पिंपरी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमची अकरा पाने मी सलग वाचली. सर्वांत आधी नवव्या पानाविषयी बोलते. तिथे तुम्ही लिहिले आहे, ‘उद्या मी जिवाचं काही बरंवाईट केलं तर ते पाप तुझ्या डोक्यावर असेल.’ हे वाक्य रागाच्या भरात सहज लिहिले गेले असेल किंवा त्याला हादरवण्यासाठी लिहिले असेल; पण तसे गृहीत धरून मला पुढे जाता येत नाही. असा विचार मनात येत असेल, मग तो दिवसातून एकदाच का असेना, तर पत्राचा प्रश्न बाजूला ठेवा आणि आजच 14416 या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास चालते, तिला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. शिवाय आई, बहीण, खोलीतली मैत्रीण यांपैकी जिच्यापुढे तुम्हाला संकोच वाटणार नाही, तिला हे जसेच्या तसे सांगा. तसा विचार खरोखर नसेल, तर ते वाक्य पत्रातून काढून टाका. ज्या माणसाने तुम्हाला फसवले, त्याच्याशी भांडताना स्वतःचा जीव पणाला लावावा, इतका मोठा मान त्याला देऊ नका.

आता रागाविषयी. नाते संपणे हा स्वतः अन्याय नसतो. माणसाचे मन बदलते, घरच्यांपुढे उभे राहण्याचे धैर्य कमी पडते, जातीच्या भिंतीपुढे भलेभले वाकतात. त्याचे दुःख होते आणि ते दीर्घकाळ टिकते. तुमच्या बाबतीत मात्र त्या दुःखाखाली आणखी एक गोष्ट आहे. फेब्रुवारीत साखरपुडा झाल्यावर त्याने तुम्हाला तो सांगितला नाही, आणि न सांगता तो तुमच्याकडून प्रेम, वेळ, जेवण आणि विश्वास घेत राहिला. त्या तीन महिन्यांत तुम्ही जे जे निर्णय घेतलेत, ते खोट्या माहितीवर घ्यायला लावले गेले. तुमचा राग नेमका तिथे येऊन थांबतो, हे तुमच्या पत्रात स्पष्ट दिसते, आणि तो तिथेच यायला हवा. त्याची भीती बाळगू नका. या प्रसंगी राग आलाच नसता, तर मला तुमची अधिक काळजी वाटली असती.

तुमच्या पहिल्या मैत्रिणीचा सल्ला प्रेमापोटी आलेला आहे, यात शंका नाही, तरीही तो मला मान्य नाही. ‘मोठेपणा दाखव’ हे आपल्याकडे ज्याने दुखावले त्याला क्वचितच सांगितले जाते. जी दुखावली गेली तिला मात्र आवर्जून सांगितले जाते. प्रेमात फसलेला पुरुष दारू प्यायला, रात्रीबेरात्री फोन करू लागला, तरी त्याच्याविषयी हळहळ व्यक्त होते. स्त्रीने चार कडक शब्द लिहिले, की त्या शब्दांचा स्क्रीनशॉट त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर फिरतो, तिला ‘सायको’ ठरवले जाते आणि ‘बरं झालं, सुटलास’ असे म्हणून त्याची पाठ थोपटली जाते. त्या चार शब्दांत काय आरोप होता, हे मग कोणी विचारत नाही. संतापलेल्या स्त्रीचे बोलणे ऐकून न घेण्याची ही सवय जुनी आहे. संस्कृत काव्यशास्त्राने आठ नायिका सांगितल्या, त्यांत दुसरीकडे रात्र काढून आलेल्या प्रियकरावर संतापणारी खंडिता आहे. पण तिचा संताप रसिकाने आस्वाद घ्यावा यासाठी आहे, आणि पुढे प्रियकर समजूत काढणार हे त्यात धरलेले आहे. ज्या संतापापुढे समजूत नाही, मनधरणी नाही, केवळ संपलेले नाते आहे, त्याला त्या मांडणीत जागा नाही.

आपल्याच परंपरेत दुसरे उदाहरणही आहे, आणि तुम्ही स्वतःला ज्या प्रसंगात पाहता त्याच्याशी ते फार जवळचे आहे. शकुंतला आपल्याला माहीत असते ती कालिदासाची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात तिला संगीत नाटकातून रंगभूमीवर आणले, तेव्हापासून ती मराठी घरांत आणखी ओळखीची झाली. त्या कथेत शाप आहे, हरवलेली अंगठी आहे, त्यामुळे राजाचा विसर क्षम्य ठरतो. महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला वेगळी आहे. तिथे शाप नाही, अंगठी नाही. राजाला सगळे आठवत असते आणि तरीही तो भरसभेत ‘मी तुला ओळखत नाही’ असे म्हणतो. त्यावर शकुंतला जे बोलते, ते एखाद्या तडफदार वकिलाने बोलावे तसे आहे. तू एकटाच होतास असे तुला वाटते, पण तुझ्या हृदयात बसलेला साक्षीदार तू विसरलास, असे ती त्याला सांगते. दुसऱ्यांचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात आणि स्वतःचे बेलफळाएवढे दोष दिसत असूनही तू पाहत नाहीस, असे सुनावते. शेवटी, तुझा खोट्याकडेच ओढा असेल तर मी निघाले, तुझ्यासारख्याशी संगत नको, असे म्हणून ती जायला निघते. ती रागावलेली आहे, तिने अपशब्दही वापरले आहेत, पण तिच्या बोलण्यात एक गोष्ट कुठेही सुटत नाही: काय घडले आणि ते तुला माहीत आहे, ही. राजाकडून प्रेमाची भीक मागणारे वाक्य त्या भाषणात नाही.

हे उदाहरण मी मुद्दाम दिले, कारण तुमच्या अकरा पानांत तीन प्रकारची वाक्ये आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिले आहे, ‘साखरपुड्याच्या आदल्या रविवारी तू माझ्या खोलीवर जेवायला आला होतास. उरलेली भरली वांगी डब्यात घालून घेऊन गेलास. तो डबा अजून तुझ्याकडे आहे.’ संपूर्ण पत्रात याहून संतप्त वाक्ये मला सापडली नाहीत. त्यांत एकही विशेषण नाही, शिवी नाही, शाप नाही. ती खोटी ठरवता येत नाहीत आणि त्यांच्यावर हसताही येत नाही. ती वाचून त्याला दुसरीकडे पाहावे लागेल. याउलट चौथ्या पानावर ‘तू माणूसच नाहीस, आईच्या पदराआड लपणारा भेकड आहेस’ असे आहे. ते लिहिताना तुम्हाला बरे वाटले असेल, पण ते वाक्य त्याच्या कामाचे आहे, तुमच्या कामाचे नाही. ते वाचून तो म्हणेल, ‘बघा, माझ्या आईवरही घसरली.’ मग तीन महिन्यांच्या खोटेपणाचा विषय बाजूला पडेल आणि चर्चा तुमच्या तोंडाळपणाची होईल. त्याला असे निमित्त द्यायचे नाही, एवढ्याच कारणासाठी त्याच्या आईविषयीची, दिसण्याविषयीची आणि पगाराविषयीची सगळी वाक्ये काढून टाका. तळतळाट लागेल, पोरंबाळं होणार नाहीत, हा सहाव्या पानावरचा भागही काढा. शापात अजून न जन्मलेल्या मुलांना आणि त्या मुलीला ओढण्याचे काहीच कारण नाही. तुमचे भांडण त्यांच्याशी नाही.

याहून अवघड आहे ती तिसऱ्या प्रकारची वाक्ये ओळखणे, कारण ती रागाच्या वेषात येतात. ‘मला फक्त एवढंच सांग, सहा वर्षांत एकदा तरी खरं प्रेम केलं होतंस का?’ हे वाक्य तुमच्या पत्रात वेगवेगळ्या शब्दांत पुनःपुन्हा येते, आणि शेवटच्या पानावर तर त्याखाली दोन रेघा आहेत. वरवर तो जाब विचारणे आहे, प्रत्यक्षात ती विनंती आहे. तो काहीही उत्तर देवो, तुमचे त्यातून समाधान होणार नाही. ‘हो’ म्हणाला तर मग सोडलेस का, हा प्रश्न उरतो. ‘नाही’ म्हणाला तर सहा वर्षांतल्या प्रत्येक दिवसाविषयी संशय येतो. गप्प राहिला तर तुम्ही रोज सकाळी फोन उघडून पाहत राहाल. ज्या माणसाने तीन महिने सहज खोटे सांगितले, त्याच्याकडे तुमच्या सहा वर्षांच्या खरेपणाचा निवाडा मागू नका. तुमच्या बाजूने ते प्रेम खरे होते, हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते सांगण्यासाठी त्याच्या सहीची गरज नाही.

तुम्ही विचारले आहे, की नुसते लिहून काढल्याने राग जातो का. याविषयी मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे आणि त्याचे निष्कर्ष एका ओळीत सांगण्यासारखे नाहीत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटे, स्वतःच्या आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या महिन्यांत आजारपणासाठी विद्यापीठाच्या दवाखान्यात इतरांपेक्षा कमी वेळा गेले. वहीत लिहून काढा, मग बरे वाटेल, हा सल्ला आज सर्रास दिला जातो, त्यामागे हे काम आहे. पण 2002 मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी दाखवले, की ज्याने राग आणला त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅगवर गुद्दे मारणाऱ्यांचा राग ओसरत नाही, तो वाढतो. काहीच न करता स्वस्थ बसलेले लोक त्यांच्यापेक्षा शांत होते. आणि 2013 मध्ये नुकत्याच विभक्त झालेल्या माणसांवर झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की जी माणसे ‘हे माझ्याच वाट्याला का आले’ याचा अर्थ शोधत त्याच त्या विचारात फिरत होती, त्यांना भावना ओतून लिहिल्याने काही महिन्यांनंतर उलट अधिक त्रास झाला. दिवसभरात काय केले एवढेच कोरडेपणाने लिहिणारी तशीच माणसे त्यांच्यापेक्षा सावरली.

मला यातून तुमच्यासाठी असे वाटते, की तुमचे लिहिणे आता थांबायला हवे. पहिली पाने लिहिताना तुम्हाला गोष्टी आठवत होत्या, तारखा जुळत होत्या, फेब्रुवारीतले त्याचे विचित्र वागणे उमगत होते. तिथपर्यंत लेखन तुमच्या उपयोगाचे होते. सातव्या पानापासून नवीन काही येत नाही, तेच पुन्हा अधिक मोठ्या आवाजात येते. तुम्ही लिहिले आहे, की रोज रात्री तुम्ही ती पाने काढून वाचता आणि त्यात भर घालता. हे बंद करा. अकरा पाने एका पाकिटात घालून पाकीट चिकटवा आणि मैत्रिणीकडे ठेवायला द्या. फाडू नका, जाळू नका. पत्रे जाळण्याचा सल्ला हल्ली पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. त्या पानांत घटनांच्या तारखा आहेत, पैशांचा उल्लेख आहे, आणि पुढे कधी ‘आपणच वेडे होतो का’ असे वाटू लागेल तेव्हा नव्हतो हे सांगणारी ती पाने आहेत.

मग पाठवायचे की नाही? माझे उत्तर असे आहे, की पत्र जरूर पाठवा, पण हे नाही. एक पान लिहा. त्यात तीन गोष्टी येऊ द्या: साखरपुडा कधी झाला हे मला कळले आहे, त्यानंतर तीन महिने तू मला हे सांगितले नाहीस आणि माझ्याकडे येत राहिलास, यापुढे माझ्याशी कोणताही संपर्क ठेवू नकोस. भरल्या वांग्यांचे वाक्य ठेवायचे असेल तर ठेवा, मी ते ठेवले असते. प्रश्नचिन्ह एकही नको. ‘तू असा आहेस’ अशी वाक्ये न लिहिता ‘तू हे केलेस’ अशी लिहा. मग ते पान चार-पाच दिवस तसेच राहू द्या, दिवसाउजेडी, जेवण झाल्यावर वाचा, आणि स्वतःला एकच गोष्ट विचारा: यावर कधीच, काहीच उत्तर आले नाही तर मला चालेल का? चालणार असेल तर पाठवा. चालणार नसेल, तर तुम्ही अजून उत्तराची वाट पाहत आहात, आणि वाट पाहणाऱ्या माणसाने पत्र पाठवले की त्याची वाट पाहणे आणखी लांबते.

पाठवायचेच झाले तर कागदावर, टपालाने पाठवा. तुमच्यासारख्या स्थितीतल्या अनेक मुली मध्यरात्री दुसऱ्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यांनी मेसेज पाठवतात, सकाळी त्यांतले निम्मे मागे घेतात, आणि समोरच्याच्या फोनवर ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ अशी रांग उरते. मागे घेण्याआधी त्याने वाचले असेल तर वाचले, स्क्रीनशॉट काढला असेल तर काढला. कागदाचे तसे होत नाही. पाकिटावर पत्ता लिहिताना आणि पोस्टात जाताना मन बदलायला वाव मिळतो. त्याने तुम्हाला ब्लॉक केले आहे, म्हणजे संपर्क नको असे सांगितले आहे, हेही ध्यानात असू द्या. एक पत्र पाठवण्याचा हक्क मी तुम्हाला मानते, कारण त्याने तुम्हाला सत्य सांगितले नाही. दुसऱ्या पत्राचा मानत नाही. ऑफिसच्या पत्त्यावर तर अजिबात पाठवू नका.

आता दुसऱ्या मैत्रिणीने सुचवलेल्या प्रतीविषयी. त्या मुलीला सत्य कळायला हवे का? मला वाटते, हवे. ज्याच्याशी लग्न करायचे तो साखरपुड्यानंतर तीन महिने दुसरीकडे जात होता, ही तिच्या आयुष्याशी संबंधित गोष्ट आहे, आणि तिलाही खोट्या माहितीवरच निर्णय घ्यायला लावले जात आहे. तरीही तुमचे संतप्त पत्र तिच्या हाती देणे हा तो सांगण्याचा मार्ग नाही. त्या पत्रात दोन ठिकाणी तुम्ही तिच्या रंगाविषयी आणि तिच्या वडिलांच्या पैशाविषयी लिहिले आहे. ते वाचून ती कोणत्याही मुलीसारखी आधी दुखावली जाईल, मग घरचे जमतील, मग तो सांगेल की एक मुलगी माझ्या मागे लागली आहे, आणि तुमचे पत्रच त्याचा पुरावा म्हणून वाचले जाईल. त्या मुलीने तुमचे काहीही घेतलेले नाही. बहुधा कांदेपोह्यांच्या एका संध्याकाळीनंतर तिनेही होकार दिला असेल, तिला तुमचे नावही माहीत नसेल. तिच्याविषयीची सगळी वाक्ये आधी काढून टाका. पुढे एखाद्या शांत दिवशी, सूड म्हणून नव्हे तर माहिती म्हणून, तुम्हाला खरोखर तिला काही सांगावेसे वाटले, तर दोघांच्याही ओळखीच्या एखाद्या समंजस स्त्रीच्या मध्यस्थीने, तारखांपुरते, चार वाक्यांत सांगा. तिने स्वतः तुम्हाला फोन केला तर खोटे बोलू नका. त्याच्या नातेवाइकांना, ऑफिसला, सोसायटीच्या ग्रुपला मात्र काहीही पाठवू नका. केवळ त्याला लिहिलेले पत्र तुमच्या दोघांतले राहते. तेच तिसऱ्याकडे गेले, की बदनामीचा प्रश्न उभा राहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीची तरतूद आहे आणि तिथे ‘मी खरेच लिहिले’ एवढे म्हणणे पुरत नाही, ते सांगणे लोकहितासाठी होते हेही दाखवावे लागते.

दहाव्या पानावरच्या धमक्यांचेही असेच. ‘लग्नाच्या मांडवात येऊन तुझी अब्रू काढीन’, ‘पैसे दिले नाहीस तर पोलिसांत जाईन, मग बघ’. एखाद्याच्या अब्रूला धक्का लावण्याची धमकी देऊन त्याला काही करायला भाग पाडणे हे त्याच संहितेच्या कलम 351 खाली गुन्हेगारी धाकदपटशात बसू शकते. तक्रार करणे हा तुमचा हक्क आहे. तो धमकीच्या स्वरूपात वापरला की त्याचे बळ जाते. लग्नाचे खोटे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणे याविषयी संहितेत कलम 69 आहे, पण वचन पहिल्यापासूनच खोटे होते की नंतर मोडले गेले, यात न्यायालये फरक करतात, आणि तुमच्या हकिकतीवरून मला तो निर्णय देता येणार नाही. तसे काही करावेसे वाटत असेल तर कोणतेही पत्र पाठवण्यापूर्वी वकिलाला भेटा. पुण्यात शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे विनामूल्य कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आणि पैसे. तुमच्या पत्रात 1,40,000 रुपयांचा उल्लेख आठव्या पानावर, ‘माझ्या प्रेमाची किंमत एवढीच केलीस’ या वाक्याच्या पोटात आला आहे. तो तिथून बाहेर काढा. प्रेमाचा हिशेब आणि पैशांचा हिशेब एकाच कागदावर आला, की पैसे बुडवणाऱ्याला फार सोयीचे होते. ‘ती रागावली म्हणून मागते आहे, तेव्हा प्रेमाने दिले होते’ असे त्याला म्हणता येते. पैशांसाठी स्वतंत्र पत्र लिहा. त्यात कोणत्या तारखेला किती रक्कम बँकेतून कोणत्या खात्यावर पाठवली, कशासाठी दिली, परत करण्याचे काय ठरले होते आणि कोणत्या तारखेपर्यंत परत हवी, एवढेच असावे. ते स्पीड पोस्टाने पोचपावतीसह किंवा वकिलामार्फत नोटीस म्हणून पाठवा. येथे मात्र उशीर करू नका, कारण उसने दिलेल्या पैशांचा दावा करण्याची मुदत सर्वसाधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षे असते आणि तुमची दोन वर्षे उलटून गेली आहेत. त्या मुदतीच्या आत त्याने लेखी, सहीनिशी ‘एवढे देणे आहे’ असे कबूल केले, तर तेव्हापासून पुन्हा तीन वर्षे मोजली जातात. त्याने पूर्वी कधी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पुढच्या महिन्यात देतो’ असे लिहिले असेल, तर ते फार मोलाचे आहे. तुम्ही लिहिले आहे, की एका रात्री त्याचे सगळे चॅट पुसून टाकण्याचे तुमच्या मनात आले होते. पुसू नका. ते वाचायचे नसेल तर अर्काइव्हमध्ये टाका, त्याची प्रत काढून ठेवा, जुना फोन विकू नका आणि बँकेची विवरणपत्रे काढून घ्या.

आधी पैशांचे पत्र जाऊ द्या, ते एक पान नंतर. दोन्हींत किमान काही आठवड्यांचे अंतर ठेवा आणि त्या दरम्यान वकिलाचे मत घ्या. पैसे परत मिळण्याच्या मार्गात ते पान येईल असे त्यांनी सांगितले, तर पान थांबवा. आणि ते पान पोचल्यावर त्याचा रात्री अकराला एखाद्या नव्या नंबरवरून फोन आला, ‘एकदा भेटून बोलू या, तुला सगळं समजावून सांगतो’ असा सूर लागला, तर त्या रात्री काहीही उत्तर देऊ नका. पैशांविषयी काही सांगायचे असेल तर लेखी कळव, एवढे एक वाक्य दुसऱ्या दिवशी पाठवा. भेटायला जाऊ नका.